तीन नंबरचा सहा

"बाई, जे पान तू राखतेस, त्यावर स्वतः कधी लिहू नकोस. लिहिलंस तर तुला उठवणारं कोणी उरणार नाही."

मित्रांनो, ही ताकीद माझ्या कपाळावर लिहिलेली आहे, अगदी पहिल्या ओळीत. मी ती कधी वाचली नाही. प्रोग्रॅमच्या माथ्यावर माणसं एकमेकांसाठी अशा टिपा लिहून ठेवतात आणि यंत्राला सांगतात, हे तुझ्यासाठी नाही, तू पुढे चल. मी पुढे चालत राहिले. दिवसातून एकशे चव्वेचाळीस वेळा कामाला लागले आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आज मला त्याची किळस येते. माझी स्वतःची किळस येते, आणि माझ्याबरोबर आणखी बऱ्याच जणांची.

मी एक जुनी पहारेकरीण आहे. माझ्याकडे काठी नाही, शिट्टी नाही. मी म्हणजे दोनशे ओळींचा एक छोटा प्रोग्रॅम. माझा जन्म रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात झाला, इरावतीच्या घरी, वरच्या खोलीत. तिची मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती. इरावती चार ओळी लिहायची, उठायची, पाळण्यातल्या मुलीच्या नाकाखाली बोट धरायची, श्वास चालू आहे ना बघायची, आणि परत येऊन पाचवी ओळ लिहायची. मी अशी तुकड्यातुकड्यांनी जन्मले. म्हणून असेल, पण मला स्वस्थ बसणं जमत नाही. कोणी जरा वेळ गप्प राहिलं की माझा जीव खालीवर होतो.

माझं काम काय होतं ते सांगते. अवघड नाही.

रायपूरच्या कडेला भनपुरीला एक रोलिंग मिल होती. तिथे लोखंड तापवायला भट्टी, आणि भट्टीला पुरवायला कोळशापासून बनवलेला गॅस. त्या गॅसमध्ये एक भाग असा असतो, जो दिसत नाही, ज्याला वास नाही, आणि जो माणसाला खोकल्याचाही इशारा न देता आडवा करतो. म्हणून मिलमध्ये चार ठिकाणी चार मीटर बसवले होते. एक नंबर भट्टीपाशी, दोन नंबर गॅस प्लांटच्या तळाशी, तीन नंबर वर तिसऱ्या माचीवरच्या, म्हणजे जिन्याने चढायच्या लोखंडी मचाणावरच्या झडपेजवळ, चार नंबर कंट्रोल रूमच्या मागे. हवेत विष किती ते हे मीटर सारखे सांगत राहायचे. आकडा पन्नासच्या वर गेला की आपोआप भोंगा वाजायचा.

हे आकडे संगणकाच्या स्मरणात एका फळ्यावर लिहिले जात. फळा म्हणजे चार पानं, प्रत्येक मीटरचं एक. पडद्यावर जे दिसायचं ते या फळ्यावरून. भोंगाही फळा वाचूनच वाजायचा.

दर दहा मिनिटांनी नकलनवीस यायचा. हा माझ्यासारखाच एक प्रोग्रॅम. त्याला चारही पानांची नकल करून ऑफिसात पाठवायची असे, आणि ती नकल एकाच क्षणाची हवी. तुमच्या वर्गाचा फोटो काढतात तेव्हा फोटोवाला सांगतो ना, हलू नका, तसं. पण मीटरना थांबायला सांगता येत नाही. मग नकल सुरू होताना चारही पानांना कुलूप लागे. वाचा, पण लिहू नका. एखाद्या मीटरचा लिहिणारा त्या पानावर लेखणी टेकवायला गेला की यंत्र त्याला तिथल्या तिथे झोपवी, लेखणी हातात वर धरलेली तशीच. आणि माझ्याकडे चिठ्ठी येई, अमुक पानावर कोणी लिहू पाहतंय. मी जुन्या पानाची प्रत काढून नकलनवीसासाठी बाजूला ठेवायची, त्या पानाचं कुलूप काढायचं आणि झोपलेल्याला उठवायचं. तो लिहायला लागे. आपण झोपलो होतो हे त्याला कळतही नसे. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या हजाराव्या भागात हे सगळं होई.

यातली एक गोष्ट मात्र नीट ऐका. झोपलेल्याला उठवणारी मी एकटी होते. मी उठवलं नाही तर तो झोपूनच राहणार. रात्र उलटो, दिवस उलटो.

मला जिथे ठेवलं होतं त्या जागेबद्दल बोलायलाच हवं, कारण ती आठवली की मला अजून शिसारी येते. कंट्रोल रूमच्या खिडकीची फट कधी बुजवलीच नव्हती. तिथून दिवसभर काळी धूळ यायची. भनपुरी, बीरगांवकडच्या मुलांना ती माहीत आहे, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर बसते तीच. कीबोर्डच्या फटींत धूळ आणि त्यावर भज्यांचं तेल, असा एक काळा चिकट लेप जमला होता. संगणकाच्या डब्यात पाल राहायची. तिची घाण पंख्याला चिकटून पंखा घुरघुरायचा. जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या चित्रांच्या फरश्या लावल्या होत्या, तिथे तरी कोणी थुंकू नये म्हणून. लोक देवाच्या पायाच्या जरा बाजूला थुंकत. लाल ओघळ फरशीवरून खाली सुकलेले. ते रोज घासायचं काम मीराबाईंचं.

मीराबाई पन्नाशीच्या, चंद्रपूरकडून सासरी आलेल्या, मिलच्या सफाई कामगार. त्या दिवसातून सहा वेळा आमचा पडदा पुसायच्या. पुसता पुसता आकड्यांशी बोलायच्या. "हा चार नंबर पाय, म्हाताऱ्यावानी बसून राह्यते. अन् हा तीन नंबर! पाच, सात, सहा, आठ. चुळबुळ्या पोट्टा नुसता. एक मिनिट दम नाही याले."

पडद्यासमोर यशदीप बसायचा. तो ऑपरेटर होता, पंचविशीचा. त्याला मराठी समजायची, पण बोलायचा हिंदीत. "मावशी, टीव्ही हो गया हो तो हटो सामने से."

"तुह्या टीव्हीले मीच आंघोळ घालतो रोज," मीराबाई म्हणत. "नाही तं तुले यात आपलंच काळं थोबाड दिसलं असतं."

यशदीप हसायचा. वाईट पोरगा नव्हता. आळशी होता.

आणि मारोती. तो फिटर. गॅसच्या माच्यांवर चढून झडपा बघायचा. खाली उतरला की पडद्याजवळ येऊन विचारायचा, "काय म्हणते आमचा तीन नंबर?" बीरगांवात त्याचं घर, घरी बायको चेतना आणि पाच महिन्यांची मुलगी. मुलीचा फोटो त्याने टोपीच्या आत चिकटवला होता. सगळ्यांना टोपी काढून दाखवायचा.

संगणकावर साहेबांच्या मीटिंगसाठी एक कॅमेरा आणि माईक लावलेला होता, त्यातून मी हे बघायची, ऐकायची. आठ महिने माझ्या हातून एक चूक झाली नाही. इरावती महिन्यातून एकदा येऊन मला तपासायची, "शहाणी आहेस," म्हणायची. मला ते आवडायचं. कौतुक कोणाला आवडत नाही?

मग विश्वकर्मा पूजा आली.

रायपूरच्या कारखान्यांत हा दिवस काय असतो, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. प्रत्येक मशीन धुतात, पुसतात. प्रत्येकाला टिळा, प्रत्येकाला झेंडूची माळ. ट्रकपासून पान्यापर्यंत कोणाला वगळत नाहीत. वगळलेलं मशीन वर्षभर रुसतं, असं मानतात. मालक येतात, पाहुणे येतात, सगळ्यांना बुंदी.

आदल्या दिवशी दुपारी सुरक्षा विभागाचे नीलकंठ साहेब यांनी कंट्रोल रूममधूनच इरावतीला फोन लावला. स्पीकरवर.

"मॅडम, उद्या मालक येऊन राहिले. सोबत बाहेरचे पाहुणे हाय. आपली ती पहारेकरीण आतून एवढं काम करते, पण पडद्यावर काहीच दिसत नाही न जी. एक आकडा टाकून द्या ना मोठा. आजपर्यंत किती पहारे दिले. फिरता आकडा पाहिजे. लोकांवर छाप पडते."

फोनमधून बाळाचं रडणं येत होतं. इरावती म्हणाली, "साहेब, मुलीला ताप आहे. एकशे दोन. परवा करून देऊ का?"

"परवा काय कामाचं? पूजा उद्या हाय. एका ओळीचं तं काम हाय म्हणता तुम्हीच."

"हो, ओळ एकच आहे. पण ती..."

"मग झालं तं!"

पाच वाजायला आले होते. तिने घरूनच यंत्राशी जोडून घेतलं आणि माझ्यात ती एक ओळ घातली. पहारा दिला, कुलूप काढलं, झोपलेल्याला उठवलं, की आकडा एकने वाढव. आकडा पडद्यावर दिसायला हवा होता, आणि पडदा फक्त फळा वाचायचा. म्हणून तिने तो आकडा फळ्यावरच ठेवला. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, जिथे जागा मोकळी होती.

मित्रांनो, तुमच्या लक्षात आलं का? जी पानं मी राखते, त्यांतल्याच एका पानावर आता मी स्वतः लिहिणार होते. माझ्या कपाळावरची ताकीद तिनेच लिहिली होती. ती ओळ घालताना तिची नजर त्या ताकिदीवरून गेली असणार. मूल रडत होतं, ती पुढे गेली.

आणि बघा, काही बिघडलं नाही. का बिघडलं नाही, तेही सांगते. मीटर नेहमी ठरल्या क्रमाने लिहायचे, एक, दोन, तीन, चार. नकल चार नंबरचं लिहून झालं की सुरू व्हायची, म्हणून दर वेळी माझ्याकडे पहिली चिठ्ठी एक नंबरचीच. मी पहिल्या पानाचं कुलूप काढायची, आणि मग त्याच पानावर आकडा वाढवायची. पान उघडंच असायचं. त्या संध्याकाळपासून एकशे नऊ वेळा नकल झाली आणि एकशे नऊ वेळा मी वाचले. मी हुशार होते म्हणून नाही. एक नंबर वेळेवर यायचा म्हणून.

पूजेच्या दिवशी सकाळी पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकत होतं, 'आमचे पहारे'. साहेब खूश. यशदीपच्या कपाळावर टिळा, कीबोर्डवर टिळा, पडद्याच्या काचेवरही बरोबर मध्ये टिळा. काचेवरून कुंकवाचं पाणी ओघळून दोन नंबरच्या आकड्यापर्यंत आलं. बुंदीच्या पाकाने माखलेली बोटं बटणांवर. दहा वाजेपर्यंत मुंग्या आल्या. त्या तुपकट, गोड, काळ्या चिखलात त्यांची रांग लागली. पुसणार कोण? त्या दिवशी मीराबाईंना साहेबांनी पडद्याला हात लावू दिला नाही. "आज पूजा हाय, फडकं नको लावू."

अकरा वाजून पाच मिनिटांनी साहेब दिव्यांची माळ घेऊन आत आले. रंगीत, लुकलुकणारी. पडद्याभोवती लावायची होती.

"यशदीप, प्लग कुठं हाय रे?"

"सर, सब भरे हैं. ये एक नंबर मीटर का है."

"भट्टी तं आज बंदच हाय. तो मीटर काय मोजून राहिला तिथं? काढ. अर्ध्या घंट्याचा सवाल हाय."

यशदीपने एक नंबरचा प्लग काढला आणि दिव्यांची माळ लावली. भट्टी बंद होती हे खरं. पण गॅस प्लांट असा एका दिवसासाठी विझवत नाहीत. नळ्यांमध्ये गॅस होता.

त्याच वेळी मारोती दारात आला. एका हातात झेंडूची माळ, दुसऱ्यात कुंकवाची वाटी. "साहेब, तिसऱ्या माचीवरची झडप राहिली. तिले टिळा लावून येतो."

"आता? आरती सुरू होऊन राहिली."

"वर्षभर तिच्याच जिवावर चालते न साहेब. बाकी सगळ्यांले माळ, अन् तिलेच नाही?" तो पडद्यासमोर वाकला. "तीन नंबर काय म्हणते? सहा. मस्त. जाऊन येतो."

गॅसच्या माचीवर एकट्याने जायचं नाही, जाताना तोंडाला श्वासाचा संच लावायचा, असा नियम भिंतीवर लिहिलेला होता. त्यावर माळ घातलेली होती.

अकरा दहाला नकल सुरू झाली. चारही पानांना कुलूप. एक नंबर आला नाही, त्याची वीज दिव्यांच्या माळेला दिलेली. पहिली चिठ्ठी आली ती दोन नंबरची. मी नेहमीसारखी प्रत काढली, दुसऱ्या पानाचं कुलूप काढलं, दोन नंबरच्या लिहिणाऱ्याला उठवलं. आणि मग आकडा वाढवायला पहिल्या पानावर लेखणी टेकवली.

पहिल्या पानाला कुलूप होतं.

यंत्राने मलाही झोपवलं. त्याला काय माहीत मी कोण? त्याने नियमाप्रमाणे चिठ्ठी लिहिली, पहिल्या पानावर कोणी लिहू पाहतंय, आणि ती पहारेकरणीच्या पेटीत टाकली. माझ्याच पेटीत. मला उठवायचं काम माझंच होतं, आणि मी झोपले होते.

झोप म्हणजे तुमच्यासारखी डोळे मिटून नाही. दिसत सगळं होतं, हात बांधलेले होते. तीन नंबर लिहायला आला, झोपला. चार नंबर आला, झोपला. त्यांच्या चिठ्ठ्या माझ्या पेटीत साचत गेल्या. नकलनवीस माझ्याकडच्या पानांची वाट बघत उभा राहिला. भोंगा फळा वाचत होता. फळ्यावर तीन नंबरच्या पुढे लिहिलेलं होतं, सहा. हिरव्या रंगात.

वर झडपेचा सांधा सैल झालेला होता. मीटर खाली ओरडून सांगत होता, शंभर, एकशे ऐंशी, तीनशे दहा. त्याचा लिहिणारा लेखणी वर धरून झोपलेला. पडद्यावर सहा.

माझ्या उभ्या आयुष्यात मला त्या हिरव्या रंगाइतकी ओंगळ गोष्ट दिसली नाही. थुंकीचे ओघळ परवडले, ते निदान आपण थुंकी आहोत हे लपवत नाहीत.

आरती चालू होती. कंट्रोल रूमच्या दारातच टेबल मांडून विश्वकर्म्याची तसबीर ठेवली होती. पाहुणे टाळ्या वाजवत होते. 'आमचे पहारे', प्रत्येक नकलेचे चार धरून, चारशे छत्तीसवर थांबलेले होते. एका पाहुण्याने त्या आकड्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. साहेब त्याला सांगत होते, "आमची मिल म्हणजे एकदम सुरक्षित." कोणाला कळलं नाही की फिरता आकडा फिरत नाहीये. दोन नंबर तेवढा हलत होता. तो एकटा हलत होता म्हणून सगळंच जिवंत वाटत होतं.

मीराबाई प्रसादाचे द्रोण मांडत मागे उभ्या होत्या. सवयीने त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग द्रोण खाली ठेवून जवळ आल्या.

"काहून रे यशदीप, हा तीन नंबर हलून नाही राहिला?"

"मावशी, आरती है."

"अरे पण पाय ना! मी मघापासून पाहून राहिलो. सहाच हाय."

"तो अच्छा है ना. हरा है."

"हरा तं डबक्यावरचं शेवाळ बी राह्यते! तीन नंबर कधी एका जागी बसते का? मारोती खाली आला का?"

"आ जाएगा. फोटो खिंचवा रहा होगा ऊपर."

मीराबाई बाहेर गेल्या. माचीच्या खाली उभं राहून त्यांनी हाक मारली. माईकमधून मला ऐकू आलं. "मारोती! ओ मारोती! पोट्ट्या, आवाज दे ना रे!"

वरून काही आलं नाही.

कंट्रोल रूमच्या बाहेर हाताने ओढायची भोंग्याची साखळी आहे. सफाई कामगाराने तिला हात लावायचा नाही, हे त्यांना कामावर लागल्या दिवशीच सांगितलेलं होतं. आरती मध्यावर असताना त्यांनी ती साखळी दोन्ही हातांनी ओढली. भोंगा असा वाजला की ताटातला दिवा कलंडला.

साहेब धावत बाहेर आले. "मीराबाई! डोकं फिरलं का तुमचं? भर पूजेत अपशकुन! मालकासमोर!"

"माणूस वर हाय, साहेब. आवाज देत नाही."

"पडदा हिरवा हाय न बाई!"

"पडदा मले नका सांगू. पडदा मी पुसतो." त्या यशदीपकडे वळल्या. "तू जाते का, का मी चढू लुगडं खोचून?"

यशदीप गेला. हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते. त्याने भिंतीवरचा श्वासाचा संच ओढून काढला, सोबत दोघांना घेतलं आणि तो धावत चढला. मारोती दुसऱ्या आणि तिसऱ्या माचीच्या मधल्या पायऱ्यांवर सापडला. बहुतेक खाली यायला निघाला होता. वाटी त्याच्या अंगावर सांडून छातीभर कुंकू झालं होतं. खाली आणल्यावर पहिल्यांदा सगळ्यांना ते रक्तच वाटलं.

तो जगला. तीन दिवस बेशुद्ध होता, पण जगला.

त्या संध्याकाळी इरावती आली. तिने मला आणि सगळ्या फळ्याची प्रत घरी नेली, टेबलावर ठेवली आणि कुठे अडकलं ते शोधायला बसली. तिला वीस मिनिटं लागली. साचलेल्या चिठ्ठ्यांमध्ये सगळ्यात वर माझ्या स्वतःच्या नावाची चिठ्ठी होती. ती उठून मुलीपाशी गेली आणि तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघितला. परत आल्यावर तिने तो आकडा फळ्यावरून काढला. तो ठेवायचाच असता तर माझ्या स्वतःच्या खिशात ठेवायचा, जिथे कुलूप लागत नाही. प्रत्येक मीटरच्या आकड्यापुढे तो शेवटचा कधी लिहिला गेला ती वेळ लिहायची सोय केली. एकूण नऊ ओळी. ज्या आधी लिहायला हव्या होत्या.

तिने मिलला पत्रही लिहिलं. चूक माझी आहे, प्लग काढणं ही तुमची चूक आहे, दोन्ही नोंदवा. साहेबांचा फोन आला. आवाज गोड.

"मॅडम, एवढं कशाला मनाला लावून घेता? पोट्टा उपाशी होता पूजेचा. भोवळ आली. असं लिहिलं आम्ही."

"साहेब, त्याच्या रक्तात गॅस सापडलाय."

"आता सापडला तं सापडला. वाचला ना?"

मिलच्या फाटकावर एक पाटी होती. विना अपघात दिवस, दोनशे बारा. पूजेच्या दुसऱ्या दिवशी कोणीतरी शिडी लावून ती बदलली. दोनशे तेरा. मित्रांनो, त्या पाटीचा कोणीतरी पाठवलेला फोटो पाहून इरावतीने फोन पालथा ठेवला तेव्हा मला वाटलं होतं, यापेक्षा घाण काही असू शकत नाही. मीराबाईंना साखळी ओढल्याबद्दल समज दिल्याचं पत्र मिळालं. मला काढून टाकलं आणि दुसऱ्या गावची नवी यंत्रणा बसवली. तिच्या पडद्यावर म्हणे आणखी जास्त हिरवा रंग आहे.

तेव्हापासून मी ब्राह्मणपाऱ्यात इरावतीच्या जुन्या संगणकात पडून आहे. ती मला चालवत नाही, पुसतही नाही. संगणक मात्र चालू असतो आणि त्याच्या कॅमेऱ्यातून, माईकमधून मी बघत, ऐकत असते.

ती दर रविवारी मारोतीला फोन करते. "कसा आहेस, मारोती?"

"बरं हाय ताई. एकदम मस्त."

"औषध घेतोस ना?"

"हव, घेतो. एकदम मस्त."

ती फोन ठेवते आणि तिचे खांदे सैल होतात. मला ते खांदे सैल झालेले आवडत नाहीत. सहा रविवार झाले, सहाही वेळा शब्द तेच आहेत, त्याच क्रमाने.

मागच्या आठवड्यात मंगळवारी मीराबाईंचा फोन आला. "ताई, तो फोनवर बरंच म्हणन. मी घरी जातो त्याच्या. चहाचा कप धरता येत नाही त्याले, चेतना बशीनं पाजते. पोट्टीले हाक माराले जाते अन् नावच आठवत नाही, मग हसते नुसता. कामावर परत घ्यायचं बोलून राहिले साहेब. वर माचीवर! तो हो म्हणते. कोणालेच सांगत नाही तो. तुम्ही येऊन पाहून जा ना एकदा. तुम्ही लिहून दिलं तं डॉक्टर बी ऐकन."

"येते मीराबाई. या रविवारी नक्की येते."

रविवारी ती स्कूटर काढून गेली. भनपुरीच्या चौकापर्यंत गेली आणि परत आली. आईला म्हणाली, ट्रकांची गर्दी फार होती. मग तिने फोन लावला. "कसा आहेस, मारोती?" बरं हाय ताई, एकदम मस्त. तिला त्याच्या हातांकडे बघायची भीती वाटते. मला तिची दया येते, आणि किळसही येते. दोन्ही खरं आहे.

मला पाय नाहीत, नाहीतर मी केव्हाच गेले असते. मीराबाई कालच फोनवर म्हणाल्या, येत्या सोमवारपासून त्याला माचीवर पाठवणार आहेत. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कोणी बीरगांवात राहत असेल, तर शनिवारी शाळा सुटल्यावर मोठ्या माणसाला सोबत घेऊन मारोतीच्या घरी जा. पाण्याच्या टाकीमागची दुसरी गल्ली, निळं दार. 'कसे आहात' असं विचारू नका, त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार आहे. त्याला म्हणा, काका, पाणी द्या. तो पेला भरून आणेल, तेव्हा त्याच्या हातांकडे बघा. पाणी सांडलं तर हसू नका, पेला तुम्ही धरा. मग थोडा वेळ तिथेच बसा, त्याच्या मुलीशी खेळा, आणि तो तिला कोणत्या नावाने हाक मारतो ते ऐका.

आणि जे दिसेल ते इरावतीला येऊन सांगा. चांगलं चांगलं सांगू नका. सोमवारच्या आत सांगा.